दादाची सायकल विमानानं आणली तेव्हा

दिल्लीहून परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंस? खरं सांगितलं तर लोकांना चेष्टा वाटते. चार दिवस मी तिकडे होते आणि त्यातला बराचसा वेळ एक सायकल खोक्यात भरण्यात गेला. इंडिया गेट म्हणे टॅक्सीतून छान दिसलं असतं, पण तेव्हा माझ्या डोक्यावर पुठ्ठा होता. ते पुढे येईलच.

सायकल माझ्या थोरल्या भावाची. दादा मूळचा आमच्या नाशिकचाच, पण मिसरूड फुटलं न फुटलं तोच सरकारी नोकरी लागून दिल्लीला गेला आणि तिकडचाच झाला. केंद्राच्या एका खात्यात धरणांचे नकाशे काढायचा. निवृत्त झाल्यावर फरीदाबादला तळमजल्यावर घर घेतलं. वहिनीला जाऊन दोन वर्षं झाली. दादाला कंपवात आहे, तो त्याच्याही आधीपासूनचा. मुलगी मृण्मयी नोएडाच्या एका ऑफिसात नोकरी करते. हे नाव तिकडे कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती सगळ्यांची मिनू झाली, आमचीसुद्धा.

तर मिनूला कंपनी दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवणार होती. दादाला एकट्याला ठेवायचं म्हणजे अशक्य. मी बँकेतून निवृत्त झालेली, घरात एकटी, माझं तोंड चालतं ते भिंतींशी. त्यामुळे दादाला मी नाशिकला आणायचं असं ठरलं. दादानं एकच अट घातली. सायकल बरोबर येईल, आणि तीही त्याच विमानातून. रेल्वे पार्सलनं पाठवू म्हटलं तर म्हणाला, आपटतात, हरवतात, नको. मी फोनवर भरपूर कुरकुर केली. इथे काय सायकली मिळत नाहीत का? पण मिनू म्हणाली, आत्या, प्लीज, ते एवढंच मागतायत.

ज्यांनी कंपवात जवळून पाहिला नसेल त्यांना सांगायला हवं. त्या माणसाला चालता चालता मध्येच पाय उचलेनासे होतात, जमिनीला चिकटल्यासारखे. दारातून जाताना तर हमखास. पण तोच माणूस सायकलवर बसवला तर भुर्रकन जातो. दादाचं तसंच होतं. घरात दहा पावलं टाकायला त्याला युगं लागायची आणि सकाळी कॉलनीत सायकलवर चकरा मारून यायचा. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, जमतंय तोवर चालवू दे.

फरीदाबाद

मार्चची सुरुवात होती. आपल्याकडे तेव्हा पंखे लागलेले असतात, तिकडे संध्याकाळी अजून शाल लागते. रस्त्याच्या कडेला काटेसावरीची लाल फुलं पडून चिखल झाला होता. तिकडे त्याला सेमल म्हणतात. मी नाशिकची द्राक्षं आणि चिवडा घेऊन गेले होते. पिशवी खाली ठेवायच्या आधी मी पाहिलं ती घरातली फरशी. सगळीकडे हातभर अंतरावर पिवळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या. दाराच्या उंबऱ्यापाशी तर तीन-तीन. मला वाटलं, रंगकाम चाललंय. मिनूनं सांगितलं, समोर पट्टी दिसली की बाबांचा पाय ती ओलांडायला म्हणून उचलला जातो. दादा दारात अडकला की ती स्वयंपाकघरातून नुसती म्हणायची, “बाबा, लाईन बघा,” आणि खरंच दादा पट्टी बघून पाऊल टाकायचा. एकट्या पोरीनं एवढं सगळं शोधून काढलं होतं. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी चिवड्यात शेंगदाणे कमी घातलेत म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या.

दादा खूप वाळला होता. चेहऱ्यावर हसू उमटत नाही आता, तो त्या आजाराचाच भाग आहे, पण माहीत असूनही पहिल्यांदा बघणाऱ्याला ते लागतंच. मी एवढी लांबून आले आणि हा माझ्याकडे अनोळख्यासारखा बघतोय असं क्षणभर वाटलं. मग म्हणाला, “जाडी झालीस.” तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा सायकल घेऊन निघाला. मिनू ऑफिसचा फोन कानाला लावून दारात उभी. दादा सायकल हातात धरून फाटकाबाहेर गेला, वळणावर दिसेनासा झाला. पुढे बागेपाशी मोकळा रस्ता लागला की तिथे चढतो म्हणे. मिनू आत आली, मला म्हणाली, “बघितलंस? बिल्कुल फिट.”

थोड्या वेळानं मी दुधाला निघाले. तिकडे अजून पुष्कळ घरांतून स्टीलची बरणी घेऊन बूथवर जातात, टोकन टाकलं की नळातून दूध येतं. पिशवीतल्या दुधापेक्षा मला ते आवडलं. बूथ कॉलनीच्या मागच्या अंगाला, बागेच्या दुसऱ्या फाटकाशी. बरणी भरून मी वळले तर बाकावर दादा बसलेला. सायकल शेजारी स्टँडवर. मला वाटलं, दम खातोय. जवळ जाऊन उभी राहिले तेवढ्यात एक सरदारजी चालत चालत आले, दादाला नमस्कार केला आणि माझ्या हातातली बरणी बघून मला घरचीच समजून म्हणाले, अंकलजी तर रोज इथेच बसतात, आमची रोजची भेट आहे.

रोज? मी दादाकडे बघितलं. तो समोर बघत होता.

मी बाकावर बसले. माझा स्वभाव असा की विचारल्याशिवाय राहवत नाही, पण मी बरणीचं झाकण घट्ट करत बसले. शेवटी तोच बोलला. दिवाळीपासून पाय पेडलवर चढत नाही म्हणाला. दोनदा पडला, दोन्ही वेळा बागेत, गवतावर, कुणाला कळलं नाही. हातात सायकल धरून चाललं की मात्र चालता येतं, चाक पुढे जातं तसा पायही जातो. म्हणून रोज इथवर यायचं, बसायचं, आणि चकरा मारायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यानं घरी जायचं.

“मिनूला सांगू नकोस,” दादा म्हणाला. “ती जर्मनीला जायची नाही.”

मी म्हटलं, अरे पण मग ही सायकल विमानानं न्यायचं खूळ कशाला? इथेच राहू दे की.

“इथे ठेवली तर तिला कळणार नाही का?”

दुधाची बरणी मांडीवर होती, ती गार लागत होती. दादाला मी आयुष्यभर भोळा समजत आले. वहिनीच सगळं बघायची, हा आपला कागदावर रेघा मारायचा. आता पाहिलं तर या माणसानं दिवाळीपासून रोज सकाळी एवढा खटाटोप केला होता आणि त्याची लेक रोज सकाळी दारात उभी राहून खूश होत होती.

करोल बाग

सायकल विमानात न्यायची तर ती उघडी चालत नाही. विमान कंपनीला फोन करून मिनूनं सगळं विचारून ठेवलं होतं. खोकं पाहिजे, पुढचं चाक काढायचं, पेडल काढायचे, हँडल वळवायचं, टायरमधली हवा कमी करायची. खोकं कुठून आणायचं? करोल बागेच्या अलीकडे झंडेवालानला सायकलवाल्यांची रांगच आहे. नव्या सायकली ज्या खोक्यांतून येतात ती त्यांच्याकडे पडून असतात. मिनूनं सुट्टी टाकली आणि आम्ही दोघी मेट्रोनं निघालो.

मेट्रो छान आहे, स्वच्छ आहे, फक्त लोक एकमेकांशी बोलत नाहीत. आपल्याकडे नाशिकहून सिन्नरला जाईपर्यंत शेजारणीच्या सुनेचं नाव कळलेलं असतं. मी मिनूशीच बोलत बसले. म्हणजे तीच बोलत होती. तिचं मराठी मोठं गोड आहे, मध्ये मध्ये हिंदी आलं की तिला कळतही नाही. म्हणाली, आत्या, मी जर्मनीला ना म्हणणारच होते. मग एक दिवस बाबांना सायकल घेऊन निघताना बघितलं, सोचलं, हे इतकं करतात, तर मी का घाबरते?

“पण एक पक्कं आहे,” ती म्हणाली. “ज्या दिवशी त्यांची सायकल बंद, त्या दिवशी मी वापस. तू मला खरं सांगशील ना?”

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे आमच्या खानदानात सगळ्यांना माहीत आहे. पोरीनं म्हणूनच मला विचारलं असणार. मी म्हटलं, सांगेन हो, आणि लगेच बाहेर बघितलं. तेवढ्यात गाडी बोगद्यात शिरली, त्यामुळे बघायला काही नव्हतं. काचेत मीच दिसत होते.

दुकानदार भला माणूस होता. मागच्या खोलीतून एक भलं मोठं खोकं आणून त्यानं आमच्यासमोर उभं केलं, वर पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात अडकवायचा प्लास्टिकचा तुकडाही दिला. चाक काढलं की चिमटा दबून वाकू शकतो, त्याच्यासाठी तो असतो. त्यानं विचारलं, सायकल कोण चालवतं? मिनू मोठ्या तोऱ्यात म्हणाली, “मेरे पापा। रोज़ चलाते हैं।” दुकानदारानं वय विचारलं, आजार ऐकला, आणि दुकानातल्या बाकी गिऱ्हाइकांना बोलावून सांगितलं की बघा, याला म्हणतात हिंमत. सगळे माना डोलवायला लागले. मी खोक्याच्या मागे जाऊन उभी राहिले. खोकं एवढं उंच होतं की मी दिसेनाशी झाले, हे एक बरं झालं.

मग करोल बागेत जाऊन हातगाडीवर मटर-कुलचे खाल्ले. वाटाण्याची उसळ, पण फोडणीच नाही. वरून आंबट पाणी, कांदा, कोथिंबीर, आणि हाताला मऊ लागणारी पोळीची जाड बहीण. मी म्हटलं, याला जरा मोहरी-हिंगाची फोडणी दिली असती तर? मिनू म्हणाली, आत्या, मग ते दिल्लीचं राहिलं नसतं. खरंच आहे. दुसरी बशी मीच मागितली. पुढे एक जण भाजलेल्या रताळ्याची चाट विकत होता. आपल्याकडे रताळं म्हणजे उपवास, एकादशी, गोड कीस. तिकडे लोक लिंबू पिळून, मसाला घालून, चटचट आवाज करत खातात. दादाला ती फार आवडते म्हणून पानांच्या द्रोणात बांधून घेतली.

आणि मग फजिती. घडी केलेलं खोकंसुद्धा मेट्रोच्या दारातून आत सोडेनात. मिनूनं हुज्जत घातली, मी माझ्या हिंदीत भर घातली, त्यानं प्रकरण आणखी बिघडलं. रिक्षावाल्यांना फरीदाबाद म्हटलं की ते मान फिरवतात. ते हरियाणात, आणि दुसऱ्या राज्यात जायचं म्हणजे त्यांना परदेशच. शेवटी टॅक्सी मिळाली, पण लहान. पुठ्ठा पुढच्या सीटपासून मागच्या काचेपर्यंत तिरका बसवला आणि त्याच्याखाली मी. फरीदाबादपर्यंत मी मान वाकवून बसले होते. मिनू एवढी हसत होती की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग हसणं थांबलं तरी पाणी थांबेना. पुठ्ठ्याखालून मला तिचा फक्त हात दिसत होता, तो मी धरला. ती म्हणाली, “मम्मी असती तर आज आपल्याला खूप बोलली असती.”

पुन्हा फरीदाबाद

सायकल हॉलमध्ये आणली, खाली जुनं जाजम घातलं. दादा खुर्चीत बसून सांगणार, मिनू करणार आणि मी मधे मधे करणार, अशी कामं वाटली गेली. मिनूनं कपाटातून वहिनीच्या दोन सुती साड्या काढल्या, दांड्यांना गुंडाळायला. मला वाटलं दादा नको म्हणेल. त्यानं साडीचा पदर हातात घेऊन बघितला आणि हिरवी राहू दे, निळी घे, म्हणाला.

पहिलं काम पेडलचं. उजवा निघाला. डावा काही केल्या हलेना. मिनू पान्यावर अक्षरशः उभी राहिली. दादा म्हणाला, अगं, डाव्याला उलटे आटे असतात. मिनूनं वर बघितलं.

“आटा? पेडलमध्ये आटा कुठून आला?”

तिला वाटलं कणीक. दिल्लीत वाढलेल्या पोरीला आटे म्हणजे स्क्रूवरच्या त्या गोल गोल रेघा हे कोण सांगणार? तिकडे त्याला चूडी म्हणतात. मी हसून हसून जाजमावर बसले. मग तिनं पाना उलटा फिरवला, पेडल निघाला. दोन्ही पेडल तिनं कापडात बांधून खोक्याच्या कोपऱ्यात ठेवले, त्यावर हिंदीत नाव लिहिलं, म्हणजे मला नाशिकला शोधावे लागणार नाहीत. मागचा गिअरचा भाग नाजूक असतो म्हणून तो सोडवून आतल्या बाजूला बांधला, दहादा विचारलं, बाबा, असं ठीक? साखळीला कागद गुंडाळला. इतक्या निगुतीनं करत होती ती, एखाद्या तान्ह्याला दुपट्यात गुंडाळावं तसं. आणि ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो खुर्चीत बसून एकेक सूचना देत होता, त्या सायकलवर आपल्याला उद्याच बसायचंय अशा थाटात. ब्रेक घट्ट आवळू नकोस, तिथे पोचल्यावर त्रास होईल. घंटी काढून ठेव, तिथल्या गल्लीत लागेल. मला ते बघवेना. पाणी आणते म्हणून मी दोनदा स्वयंपाकघरात गेले आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातांनी परत आले.

मग हँडल वळवलं. सीट उरली. खोक्याच्या वर ती टोचत होती. मी म्हटलं, मिनू, सीट खाली कर. आणि रताळ्याची चाट वाढायला आत गेले.

बाहेर आले तर सीट दांड्यासकट उपटून जाजमावर पडलेली. नळी नुसती उघडी, वरून बघितलं तर आत काळोख. मी ओरडले, अगं हे काय केलंस? ती म्हणाली, तूच तर बोललीस, सीट खाली कर, मी केली खाली. एक क्षण मला कळेना. मग उजेड पडला. तिच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामं. मी म्हणत होते नुसती खाली ढकल, आणि तिनं सीट रिकामीच करून टाकली. दांड्यावर दादाच्या उंचीची खूण असते, पण दहा वर्षांचा मळ तिनं चकाचक पुसून काढला होता, खूणही त्यात गेली.

मिनूचा चेहरा पडला. म्हणाली, “बाबा, सॉरी. तिथे गेल्यावर तुम्हाला सीट कशी बसवायची?”

दादानं त्या नळीकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही म्हटलं ना मी, पण त्या वेळी तो हसला, ओठांच्या एका कोपऱ्यात, मी शपथेवर सांगेन.

“बरोबर केलंस तू,” तो म्हणाला. “खालीच करायची होती.”

मिनूला वाटलं बाबांनी तिची चूक पोटात घातली. तिनं सीट वहिनीच्या निळ्या साडीत गुंडाळली. मी द्रोण हातात घेऊन तशीच उभी होते. दादा दोन्ही भाषा पुरत्या जाणणारा माणूस, तो काय बोलला ते मला त्या वेळी एकदम कळलं. मी म्हटलं, चाटला पाणी सुटतंय, खा. माझ्या वाट्याचं रताळं मी मिनूच्या द्रोणात घातलं.

शेवटी हवा सोडायची होती. विमानात वर गेल्यावर टायर फुगतात म्हणतात, म्हणून थोडी कमी करायची असते. मिनूनं सुई दाबली, फुस्स आवाज झाला. ती एकाच चाकाशी बराच वेळ बसून राहिली. दादानं बस म्हटल्यावर उठली.

विमानतळ

आपल्याकडे पोचवायला आलेला माणूस फलाटावर गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहतो. विमानतळावर तशी सोय नाही. तिकीट नसलेल्याला दारातच थांबवतात. मिनू आम्हाला सोडायला आली, तिचं विमान पुढच्या आठवड्यात होतं. खोकं ट्रॉलीवर आडवं टाकलं. मी चाकाच्या खुर्चीसाठी सांगून ठेवलं होतं. खुर्ची घेऊन माणूस आला. दादानं त्याला हातानं थोपवलं.

मला वाटलं, हट्ट करतोय. मागे रांग लागलेली, समोर शिपाई, ओळखपत्रं, आणि ते रुंद काचेचं दार. दार म्हटलं की दादाचे पाय अडकणार हे ठरलेलं. इथे कुणी पिवळ्या पट्ट्या लावलेल्या नव्हत्या. मी मिनूकडे बघितलं, ती घाबरली होती.

दादानं ट्रॉलीची दांडी दोन्ही हातांनी धरली. मिनूकडे बघून म्हणाला, “चल. पोचलो की फोन करतो.” मिनू पाया पडायला वाकली, तर त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण दुसरा हात दांडीवरून काढला नाही. मग ट्रॉली ढकलली. ट्रॉलीची चाकं पुढे गेली आणि त्यांच्यामागून त्याचे पाय. न अडखळता, न थांबता, ताठ मानेनं तो त्या दारातून आत गेला. शिपायानं तिकीट बघितलं तेवढंच काय ते थांबणं. मी मागे वळून बघितलं तर मिनू काचेच्या पलीकडे दोन्ही अंगठे वर करून हसत होती. गाल ओले होते, पण हसत होती.

आत डावीकडे एक जाड खांब होता. तो ओलांडून काच दिसेनाशी झाल्यावर दादा थांबला. दांडी धरलेले हात एवढे कापत होते की ट्रॉली हलत होती.

“गेली का ती?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, दिसत नाही आता.

“मग आण ती खुर्ची.”

मोठं सामान द्यायची खिडकी अगदी टोकाला होती. तिथल्या मुलीनं खोकं यंत्रातून काढलं, नाजूक सामानाची लाल चिठ्ठी लावली, हवा सोडलीय ना, विचारलं. खोकं पट्ट्यावरून आडवं आडवं सरकत आत गेलं. दादा खुर्चीत बसून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.  

नाशिक

खोकं सुखरूप पोचलं, एक कोपरा चेपला होता एवढंच. दादा म्हणाला, माळ्यावर टाक. पण मिनूला जाण्याआधी फोटो हवा होता. म्हणून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला बोलावून मी ती उभी केली. सीट अंदाजानं बसवली. दादाला शेजारी उभं केलं, एक हात हँडलवर, आणि फोटो पाठवला. मिनूचं उत्तर आलं, आता मी आरामात जाते.

ती गेली त्याला आता चार महिने होतील. इथेही मी फरशीवर पट्ट्या लावल्या आहेत, पण त्या आता तितक्या कामाला येत नाहीत. सायकल धरून अंगणात फिरणंही पाऊस लागल्यापासून बंद झालंय. सायकल पडवीत आहे. शनिवारी मी तिच्यावरची धूळ पुसते, मिनूनं कधी व्हिडिओवर दाखव म्हटलं तर असावी नीट म्हणून. मिनूला मराठी वाचायचा कंटाळा आहे, दोन ओळी झाल्या की तूच सांग ना आत्या म्हणते. त्या भरवशावर हे लिहितेय.

संध्याकाळी तिचा फोन येतो. दादाचा आवाज आता फार बारीक झालाय, म्हणून फोनवर मीच बोलते, तो शेजारी पडून ऐकतो. जेवलात का, औषध झालं का, तिकडे बर्फ पडतं तेव्हा कसं असतं, सगळं होतं. आणि शेवटी ती विचारतेच, आज बाबांनी किती चकरा लावल्या? मी दादाकडे बघते. तो अंगावरच्या पांघरुणातून हात बाहेर काढतो आणि बोटं दाखवतो. तो म्हणेल तेवढंच मी सांगते. हा हिशोब त्याचा आहे.

परवा त्यानं बोटं दाखवली, पण ती इतकी थरथरत होती की दोन म्हणतोय की तीन, मला कळेना. मी तीन सांगितलं. मिनू केवढी खूश झाली. म्हणाली, अच्छा, कालपेक्षा जास्त? त्यांना माझ्याकडून शाबाश सांग. मी सांगितलं. फोन ठेवला.

दादानं हात पांघरुणात घेतला. काहीतरी पुटपुटला, म्हणून मी कान जवळ नेला.

“उद्या दोनच सांग,” तो म्हणाला. “रोज तीन म्हटलं तर तिला खरं वाटायचं नाही.”